अहिल्याने उघडलेली साइट

घरात काही बिघडलं की अहिल्याचा चेहरा उजळतो. खोटं नाही सांगत. माझ्याकडे डिशवॉशर बंद पडला तर मी आधी नवऱ्यावर ओरडते, मग कंपनीला फोन लावते, मग त्या फोनवरच्या संगीतावर चिडते. अहिल्या बाह्या सरसावते आणि म्हणते, "चला, बघू तरी आत काय आहे ते."

आम्ही अमेरिकेत, कॅरी गावात, समोरासमोर राहतो. मी पुण्याची, ती नागपूरची. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होती, काम करायची परवानगी नव्हती. त्या रिकाम्या वर्षांत या बाईने घरातलं एकही यंत्र सोडलं नाही. टोस्टर उघडला, व्हॅक्यूम क्लीनर उघडला, एकदा तर अपार्टमेंटवाल्यांचा एसी उघडला आणि त्यांचा माणूस येईपर्यंत तो चालू करून ठेवला. पुढे कामाची परवानगी मिळाली आणि ती सॉफ्टवेअर टेस्टर झाली. म्हणजे दुसऱ्यांनी मन लावून बनवलेलं दिवसभर मोडून दाखवायचं. देवाने माणसं आणि नोकऱ्यांच्या जोड्या कशा लावल्यात बघा!

"एखादी वस्तू चालते असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांनी ती फक्त चालवलेली असते," ती मला सांगते. "मी विचारते, बंद कशी पडेल?" असल्या बाईशी मैत्री करणं सोपं नाही. माझ्या पुरणपोळीलाही ती टेस्ट केस लावते.

तर ही गोष्ट तिची, आणि तिच्या मुलीची, उर्वीची. उर्वी सतरा वर्षांची. जन्म इथला, मराठी कळतं सगळं, उत्तरं निम्मी इंग्रजीतून येतात. नववीत असताना तिने घरी येऊन सांगितलं की तिला रायफल टीममध्ये जायचंय. रायफल! नाच नाही, टेनिस नाही, स्पेलिंगच्या स्पर्धा नाहीत. परीक्षित, म्हणजे तिचा बाबा, म्हणाला, "कूल!" अहिल्याच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

तिचं बरोबरच होतं म्हणा. या देशात पोरांना शाळेत बाकाखाली लपायची ड्रिल करावी लागते. बालवाडीतल्या उर्वीने घरी येऊन "आई, बॅड मॅन आला की असं गप्प बसायचं" असं करून दाखवलं होतं, तेव्हा ही बाथरूममध्ये जाऊन रडली होती. आणि आता तीच पोर रायफल मागत होती. ही हवेच्या दाबावर चालणारी, छर्ऱ्यांची, दहा मीटरवरच्या कागदावर मारायची, हे सगळं परीक्षितने समजावून सांगितलं. अहिल्याने फक्त एवढंच म्हटलं, "कपाटाला कुलूप पाहिजे. आणि मला बघायला बोलवायचं नाही."

ती खरंच कधी गेली नाही. डबा द्यायची, गाडीने रेंजच्या दारापर्यंत सोडायची, आणि पार्किंगमध्ये बसून ऑफिसचं काम करायची. आतून पोर मेडल घेऊन आली की "छान" म्हणायची. उर्वीला ते "छान" किती लागायचं ते मला माहीत आहे, कारण ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ते बोलून दाखवायची. "प्रीता मावशी, शी डझन्ट इव्हन लुक अॅट मी."

या वर्षी मात्र काहीतरी हललं. उर्वीची राज्याच्या ज्युनिअर टीमसाठी निवड व्हायची होती. दसऱ्यानंतरच्या शनिवारी शेवटची मॅच, त्यातून टीम ठरणार. मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. बारावीनंतर ज्युनिअरचं दारच बंद, म्हणजे हा शेवटचा चान्स. पोर सकाळी साडेपाचला उठून सरावाला जात होती. ते बघून बघून अहिल्याचं मन विरघळलं असावं. खंडेनवमीच्या सकाळी तिने पाटावर सगळं मांडलं. दोन लॅपटॉप, शिलाई मशीन, विळी, परीक्षितचं ड्रिल, गाड्यांच्या किल्ल्या. आणि मग कुलूप काढून तिने मुलीची रायफलही आणून ठेवली.

उर्वी शाळेत गेलेली होती, परीक्षित ऑफिसच्या कामाला रेडमंडला. घरात ही एकटी. मला नंतर म्हणाली, "प्रीता, तीन वर्षं ती वस्तू माझ्या घरात होती आणि मी तिला हात लावला नव्हता. म्हटलं, पोरीचं हत्यार आहे. वर्षभर तिला सांभाळतंय. त्याला एक फूल नको?"

फूल ठीक होतं हो. पण अहिल्याचं काही थोडक्यात भागतं का? रायफलच्या पेटीत एक छोटा डबा होता. त्यात साइट. म्हणजे रायफलवर मागच्या बाजूला बसवायची ती काळी, मुठीत मावेल एवढी वस्तू, जिच्या बारीक भोकातून नेमबाज बघतो. या खेळात दुर्बीण चालत नाही. मागे हे भोक, पुढे नळीच्या टोकाला एक कडी, आणि लांब तो काळा ठिपका. भोकात कडी, कडीत ठिपका, सगळं एकात एक गोल बसलं की चाप ओढायचा. साइटला दोन नॉब असतात, एक वर-खाली करायला, एक डावी-उजवीकडे. फिरवलं की टिक, टिक असा आवाज होतो, आणि प्रत्येक टिकला छर्रा केसभर सरकतो.

अहिल्याने ती साइट ताम्हनात ठेवली. तिला गंध लावलं, हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडलं, चांगलं भरपूर शिंपडलं. फुलवातीचं तूप बोटांना होतंच. आरती झाली, आणि मग उर्वीला आवडणार नाही म्हणून तिने कोरड्या फडक्याने सगळं घासून पुसलं. घासून! म्हणजे जे वरवर होतं ते सगळं आत.

संध्याकाळी उर्वी सरावाला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते, झेंडूची फुलं मागायला गेलेले. पोरीने साइट डायनिंग टेबलवर ठेवली. डावी-उजवीकडचा नॉब फिरवून दाखवला. टिक नाही की काही नाही, नुसती खरखर, आणि मग नॉब अडकलाच. कडेने पिवळं काहीतरी बाहेर आलं.

"आई, व्हाय इज देअर हळद इन माय साइट?"

मला हसू फुटणार होतं, पण अहिल्याचा चेहरा पाहिला आणि तोंडचं पाणी पळालं. तिला एका क्षणात सगळं कळलं होतं. "मी पूजा केली गं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

उर्वी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "शनिवारी मॅच आहे, आई," आणि वर निघून गेली. दार आपटलंसुद्धा नाही.

कोच डेल म्हणून एक वयस्क, मिशाळ गृहस्थ आहेत, त्यांना अहिल्याने फोन लावला. ते म्हणाले, उघडू नका. बनवणाऱ्यांकडेच पाठवावी लागते, कित्येक आठवडे जातात. आत एक स्प्रिंग असते आणि तिच्यावर एक सूक्ष्म पोलादी गोळी. ती उडाली की गेलीच. नवी मागवली तर सोमवारशिवाय येत नाही. क्लबची एक जुनी साइट आहे ती देतो, पण ती जरा ढिली आहे. परीक्षितने रेडमंडहून फोनवर ज्ञान दिलं, "घे ना मग ती जुनी, व्हाट्स द बिग डील?" अहिल्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि ओट्याकडे गेली.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मला तिचा मेसेज. "ये. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ये." मी लंच ब्रेकमध्ये होते, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते मी. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघाले.

बघते तर खिडकीशी टेबल ओढलेलं, त्यावर पांढरी चादर. बाईने सुट्टी टाकली होती. चादरीवर तिची हत्यारं मांडलेली. भुवया कोरायचा चिमटा, टूथपिक, कान साफ करायचे बड, मलमलीचा तुकडा, जखम पुसायचं अल्कोहोल, शिलाई मशीनचं तेल. आणि मधोमध फोडणीचा डबा, रिकामा केलेला.

"काय करून राहिली तू हे?" मी मुद्दाम तिच्या नागपुरीत विचारलं. एरवी ती हसते.

"तशीही ती बंदच आहे ना," ती म्हणाली. "बंद वस्तू उघडून अजून किती बंद पडेल?"

"उर्वीला विचारलंस?"

"विचारलं. व्हॉटेव्हर म्हणाली. त्याचा अर्थ हो असा घेतलाय मी."

मी स्क्रूड्रायव्हर दिला आणि खुर्ची ओढून बसले. मी कशाला आलेय तेच मला कळत नव्हतं, आणि तिला बहुतेक फक्त शेजारी कोणीतरी श्वास घेणारं हवं होतं.

मग तिने एक मोठी पारदर्शक झिपची पिशवी घेतली, मुलांच्या लाडवांसाठी आपण वापरतो ती, साइट आत ठेवली, दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. म्हणजे काही उडालं तरी पिशवीत राहील. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "उडणार हे डेलने सांगितलंच आहे. मग उडू दे की, घरातल्या घरात." प्रत्येक स्क्रू सुटला की थांबायची, हात बाहेर, फोनने फोटो, स्क्रू डब्याच्या वाटीत. पहिला पहिल्या वाटीत, पुढचा पुढच्या. जिरं, हळद, हिंग यांच्या जागा तिला झोपेतही माहीत, म्हणून ती म्हणत होती, "हा जिऱ्यात. ही चकती हळदीत. हळदीतच जाऊ दे मेलीला." स्क्रू म्हणजे काय हो, मुंगीचे दागिने! मला तर ते दिसतही नव्हते, आणि ही त्यांना चिमट्यात धरून उजेडात फिरवून बघत होती, दोन सारखे आहेत की एक जरा लांब आहे. एक जरा लांब होता. मी असते तर तिथेच घात झाला असता.

नॉब निघाला. आतला बारीक आटे असलेला दांडा पिवळाधमक झाला होता. तूप आणि हळद सुकून त्याचं लुकण झालेलं, आणि एका आट्यात तांदळाची कणी. अहिल्याने ती कणी टूथपिकने काढली, तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मी वाहिलेली अक्षता," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "देवाला म्हटलं होतं, पोरीला यश दे."

"देवाचं काय चुकलं त्यात? तू घासलंस," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण माझं तोंड असंच आहे. ती एकदम हसली, नाक पुसलं आणि कामाला लागली.

त्याच वेळी उर्वी शाळेतून आली. दारातून तिने काय पाहिलं असेल कल्पना करा. तिची साइट, जिला ती टीममधल्या मुलींनाही हात लावू देत नसे, ती फोडणीच्या डब्यात वाटून ठेवलेली. तिने बॅग खाली टाकली आणि जिन्याच्या पायरीवर बसली.  अहिल्याने मान वर केली नाही. मी दोघींच्या मध्ये, आणि माझा जीव टांगणीला.

आता ती गोळी. स्प्रिंग तिच्या खोबणीत दबून बसली होती आणि वर गोळी हळदीने चिकटलेली. म्हणूनच टिक वाजत नव्हतं. अल्कोहोलचे थेंब सोडत, बडने टिपत, पुन्हा सोडत, बाईने ती मोकळी केली, आणि झालं, उडालीच. पिशवीत टप् असा आवाज आला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी वस्तू, पण तो आवाज आम्ही तिघींनी ऐकला. अहिल्याने ती चिमट्यात धरून सुखरूप बाहेर काढली आणि मोठ्या ऐटीत वाटीत सोडली.

मोहरीच्या वाटीत. तळाला पाच-पंचवीस मोहऱ्या राहिल्या होत्या.

"अगं बाई!" मी किंचाळले.

खिडकीशी ऊन उतरलं होतं, वाटी काळी, मोहरी काळी, गोळी तेलकट. अहिल्याने चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मी एक दाणा नखावर घेतला आणि "सापडली!" म्हणून ओरडले, ती मोहरीच होती. अहिल्या नाक वाटीला टेकेपर्यंत वाकली. आणि तेवढ्यात जिन्यावरून पावलं आली. उर्वी फ्रिजकडे गेली, दारावरचं मंडळाच्या गणपतीचं मॅग्नेट काढलं, आईच्या हाताशी ठेवलं आणि पुन्हा जाऊन पायरीवर बसली. अहिल्याने मॅग्नेट वाटीवर नुसतं फिरवलं. गोळी टुण्णकन येऊन चिकटली.

पुसणं, तेलाचा एक थेंब, तोही टूथपिकच्या टोकाने, आणि मग उलट्या क्रमाने फोटो बघत जोडणी. जोडलं, नॉब फिरवला, टिक! मी टाळ्या वाजवल्या. अहिल्याने वाजवल्या नाहीत. तिने तो नॉब कानाशी धरून फिरवला, डोळे मिटून. मग म्हणाली, "उजवीकडे जाताना बरोबर वाजतंय, डावीकडे येताना उशिरा. ढिलं आहे." आणि पुन्हा सगळं उघडलं! मला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्यांदा तिने एक चकती उलटी करून बसवली, कारण पहिल्या फोटोत तिच्या कडेवर एक बारीक चरा दिसत होता आणि तो वरच्या बाजूला होता. मी तो फोटो पाहिला. मला काही दिसलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या या मैत्रिणीची जरा भीतीच वाटली. इतकं बघता येतं माणसाला?

"पण हे बरोबर झालं हे कळणार कसं?" मी विचारलं. "घरात काय छर्रे उडवणार आहेस?"

अहिल्याने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. काळी, सगळ्यात लहान टिकली घेतली आणि हॉलच्या पार पलीकडच्या भिंतीवर चिकटवली. मग मुलीकडे वळून, पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली. "तुझी रायफल आणशील? तू आण. मी आता विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

उर्वी उठली. रायफल आणली, आत छर्रा नाही हे आधी आम्हाला दोघींना दाखवलं, हवेची टाकी काढून बाजूला ठेवली, नळीत ती सुरक्षेची केशरी दोरी घातली. सगळं गंभीरपणे, एखादा सर्जन करेल तसं. मी तिच्याकडेही बघतच राहिले. डायनिंग टेबलवर बासमतीच्या दोन गोण्या ठेवून त्यांच्या बेचक्यात रायफल बसवली, साइट चढवली, आणि अहिल्या खाली वाकली.

तिला जवळचं दिसत नाही चष्म्याशिवाय, आणि चष्मा तर त्या भोकावर आपटत होता. तिने तो काढून टाकला. आणि मग बराच वेळ ती हललीच नाही.

"आई?" उर्वी म्हणाली.

"दिसतंय," अहिल्या म्हणाली. आवाज अगदी बारीक. "चष्म्याशिवाय दिसतंय गं मला. सगळं गोल. एकात एक."

तिने मलाही बघायला लावलं. काय सांगू! एवढ्याशा भोकातून आख्खं जग गाळून आल्यासारखं. हॉल नाही, सोफा नाही, कपड्यांचा ढीग नाही. एक काळी कडी, आणि तिच्या पोटात ती टिकली, चारी बाजूंनी सारखा उजेड. नॉब उजवीकडे फिरवला की कडी टिकलीला खेटायची, तेवढेच टिक परत घेतले की टिकली पुन्हा मधोमध. पुन्हा उजवीकडे, पुन्हा परत. दर वेळी तिथेच. इंग्लंडची राणी आली असती तरी मी खुर्ची सोडली नसती. हे असं या पोरीला रोज दिसतं, तीन वर्षं दिसतंय, आणि आम्ही पार्किंगमध्ये बसत होतो.

उर्वीने स्वतः तपासलं.  साइट काढून डब्यात ठेवली, डबा खोलीत नेला. शुक्रवारी सरावाला ही वापरली की क्लबची जुनी, ते तिने सांगितलं नाही, आणि अहिल्याने विचारलं नाही. विचारायचा धीर नव्हता तिला.

शनिवारी मॅच बघायला अहिल्या आत आली. पहिल्यांदा. मी सोबत होते, नाहीतर ती दारातून परत फिरली असती. एका शाळेच्या जिममध्ये सगळं मांडलेलं, मागे पालकांच्या घडीच्या खुर्च्या, वर पडद्यावर प्रत्येकीचा छर्रा कुठे लागला ते दिसत होतं. मधल्या दहा गुणांच्या ठिपक्याचा आकार डोळ्यांनी दिसणारही नाही इतका. टाचणीचं टोक म्हणा. अहिल्या कुजबुजली, "याच्यावर मारतात?" मी म्हटलं, "तीन वर्षं तुझी लेक मारतेय."

उर्वी जाड कातडी जाकीट घालून आपल्या जागेवर आली आणि तिने साइट चढवली. लांबून दोन्ही साइट सारख्याच काळ्या. पण नॉबच्या खाचेत पिवळा डाग होता, अल्कोहोलने न गेलेला. मी अहिल्याचा दंड धरला. तिलाही दिसला होता. तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

गुडघ्यावर बसून मारायचं झालं, पालथं पडून मारायचं झालं. उर्वी वरच्या पाच-सहांत होती. निवड पहिल्या चौघींची. मग उभं राहून मारायचं, सगळ्यात कठीण. सुरुवात चांगली झाली, आणि मग छर्रे डावीकडे जायला लागले. पसरून नाही, सगळे एकाच जागी, पण डावीकडे. उभं राहण्यात काहीतरी बदललं असावं, डेल मागे मिशी चावत होते. आता सरावाचे छर्रे नव्हते, प्रत्येक छर्रा मोजला जाणार. नॉब फिरवायचा तर तो बरोबर तेवढाच सरकला पाहिजे. चुकला, तर सगळं संपलं.

उर्वीने रायफल खाली घेतली. हात नॉबवर नेला आणि तसाच ठेवला. घड्याळ चाललेलं. शेजारच्या मुली मारत होत्या, फट्, फट्.

अहिल्या ओठांतल्या ओठांत बोलत होती. मी वाकून ऐकलं. "नको विश्वास ठेवू, सोन्या, तसंच मार, नको ठेवू," असं म्हणत होती ती. बाईने स्वतः जोडलेली, स्वतः दहादा तपासलेली वस्तू, आणि आयुष्यभर सगळ्यांना "बंद कशी पडेल?" विचारणारी ही, आता लेकीने तिच्यावर भरवसा ठेवू नये म्हणून देवाला साकडं घालत होती.

उर्वीने नॉब फिरवला. टिक, टिक. ऐकू आलं नाही, पण तिच्या बोटांत दिसलं. रायफल उचलली, गाल टेकवला. किती वेळ ती तशीच उभी होती, एखादं झाड उभं असावं तशी. पडद्यावर ठिपका उमटला. मधोमध. पुढचा, मधोमध. त्याच्या पुढचा, जवळजवळ पहिल्याच्याच भोकात. डेल उठून उभे राहिले. त्या खुर्च्यांमध्ये कोणालाच माहीत नव्हतं की तो छर्रा कोणाच्या स्वयंपाकघरातून निघाला आहे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

ती चौथ्या नंबरवर चढली. एक छर्रा उरला. तो तिने मारला, आणि तो भरकटला. चांगलाच. उजवीकडे वर.

नाव पाचवं लागलं. चौघी टीममध्ये, उर्वी राखीव.

अहिल्या बाहेर पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. उर्वी पेटी घेऊन आली तशी ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं. तुझी तीन वर्षांची मेहनत... ती गोळी नीट बसली नसेल, नाहीतर ती चकती. मी घाई केली असणार."

"आई, स्टॉप." उर्वीचे डोळे लाल होते, रडून आली होती ती. "साइट बरोबर होती."

"माझं मन राखायला सांगू नकोस."

"नाही सांगत. ऐक ना. जुनी साइट असती तर मी म्हटलं असतं, साइट हलली. मला आयुष्यभर तसंच वाटलं असतं. पण मी नॉब फिरवला आणि ते बरोब्बर तिथे गेलं, तेवढंच. सो आय नो. शेवटच्या छर्ऱ्याला मी घाईत चाप ओढला. मी चौथी आहे हे मला पडद्यावर दिसलं आणि मी ओढला. तो माझा होता."

सतरा वर्षांची पोर! मी पन्नाशीची आहे, मला अजून असं बोलता येत नाही.  मला वाटलं होतं, अहिल्याच्या छातीवरचा दगड उतरेल. पण ती रडायलाच लागली, आणि हुंदक्यांतून म्हणाली, "माझी चूक निघाली असती तर बरं झालं असतं गं."

"मला नसतं बरं वाटलं," उर्वी म्हणाली. तिने पेटी गाडीच्या बॉनेटवर ठेवून उघडली, रायफलच्या पुढच्या टोकाची ती कडीवाली साइट स्क्रू सैल करून काढली, आणि आईच्या तळहातावर ठेवली. "ही पण थोडी ढिली वाटते मला. आज घरी गेल्यावर बघशील? राखीववाल्यांनाही सरावाला जावं लागतं, सोमवारपासून."

अहिल्याने डोळे पुसले नाहीत. तसेच ओले ठेवून तिने ती कडी उन्हाकडे धरली आणि आरपार बघितलं.